विजेरीतली वीज

ही गोष्ट मी तुमच्याएवढा होतो तेव्हाची आहे. आमचे घर मालेगावात, यंत्रमागांच्या एका गल्लीत होते. अब्बा मागावर काम करत. दिवसभर गल्लीत मागांचा खडखडाट चाले. वीज गेली की सगळे माग एकदम थांबत. मग गल्ली इतकी शांत होई, की पत्र्यावर पडणारे पावसाचे थेंबही मोजता यावेत.

पावसाळ्यातल्या एका रात्री अशीच वीज गेली. माझ्या दादीला दम्याचा त्रास होता. त्या रात्री तो फार वाढला. डॉक्टरांचे घर दोन गल्ल्या सोडून होते. अब्बांनी फडताळातून विजेरी, म्हणजे टॉर्च, काढली आणि बटण सरकवले. दिवा निखाऱ्यासारखा लालसर मिणमिणला आणि अब्बा दाराशी पोचेपर्यंत विझूनही गेला. अब्बा तसेच अंधारात निघाले. वाटेत उघड्या गटाराच्या कडेला त्यांचा पाय घसरला, गुडघा फुटला. तरीही ते डॉक्टरांना घेऊन आले. दादीला इंजेक्शन दिले. पहाटे तिला झोप लागली, तेव्हा कोठे आमच्या जिवात जीव आला.

मी मात्र विजेरीवर रागावलो होतो. तिच्यातले सेल वर्षभरापूर्वी आणलेले होते. ते आम्ही फार तर चार-पाच वेळा वापरले होते. मग त्यांतली वीज गेली कोठे? कोणी चोरली का?

सकाळ होताच ते दोन्ही सेल घेऊन मी कल्हईवाल्या चाचांकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांची भट्टी होती. जमिनीत एक खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. तांब्या-पितळेची भांडी ते निखाऱ्यांवर तापवत, नवसागराची पूड टाकून कापसाने घासत आणि कथलाचा हात फिरवत. काळेकुट्ट भांडे आतून चांदीसारखे लखलखू लागे. नवसागराला आपण उर्दूत नौशादर म्हणतो. कल्हई हा शब्दही मूळचा 'कलई', म्हणजे कथील.

चाचांनी पक्कड घेऊन एका सेलचे वेष्टन सोलले. आत जस्ताचे नळकांडे होते. त्याला जागोजागी भोके पडली होती आणि त्यांतून पांढरट, ओलसर लगदा बाहेर आला होता. आत काळी भुकटी आणि मधोमध एक काळी कांडी होती. तो लगदा पाहून चाचा हसले.

"बेटा, हा तर आपला नौशादर! आणि हे जस्त बघ, कसं खाल्लं गेलंय. तुझी वीज कोणी चोरली नाही. ती या जस्तानंच दिली होती. जस्त संपत आलं, वीजही संपली."

चाचा शाळेत फारसे शिकलेले नव्हते; पण त्यांचे बोलणे खरे होते. सेलमध्ये वीज भरलेली नसते. त्यात काही पदार्थ भरलेले असतात. त्या पदार्थांत बदल होतो आणि त्या बदलातून वीज मिळते. हे कसे घडते, ते आपण क्रमाक्रमाने पाहू या. त्यासाठी आधी विजेकडे नव्हे, तर चुन्याकडे वळावे लागेल.

घराला चुना देण्यासाठी चुनकळी भिजत घालतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. चुनकळीचे पांढरे खडे हाताला थंड लागतात. पाणीही थंडच असते. पण खड्यांवर पाणी ओतले, की ते फसफसू लागतात, वाफा निघतात आणि भांडे चटका बसण्याइतके तापते. खाली जाळ नाही, वर ऊन नाही. मग ही उष्णता आली कोठून?

चुनकळी आणि पाणी यांचा संयोग होऊन एक नवा पदार्थ तयार होतो. त्याला विरलेला चुना म्हणतात. एका पदार्थापासून दुसरा पदार्थ तयार होण्याच्या या क्रियेला रासायनिक अभिक्रिया म्हणतात. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले असतात. अभिक्रियेत जुने बंध तुटतात आणि नवे बंध जुळतात. बंध तोडायला ऊर्जा लागते. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. तोडण्यात खर्च झाली त्यापेक्षा जुळण्यात जास्त मिळाली, तर उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर येते. अशा अभिक्रियेला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. लाकडाचे जळणे, मेणबत्तीचे जळणे आणि चुन्याचे विरणे या सर्व उष्मादायी अभिक्रिया होत.

याच्या उलटही घडते. काही अभिक्रियांना सतत ऊर्जा पुरवावी लागते. चुनकळी तयार करण्याचेच उदाहरण घ्या. चुनखडीचे दगड भट्टीत घालून सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा दगडातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. भट्टी विझली, की अभिक्रिया थांबते. ही उष्माग्राही अभिक्रिया होय.

या दोन्ही अभिक्रियांचा हिशेब मोठा मजेदार आहे. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतली, तर तिच्यापासून ५६ ग्रॅम चुनकळी मिळते. या बदलासाठी सुमारे १७८ किलोजूल ऊर्जा लागते. आता ही ५६ ग्रॅम चुनकळी पाण्यात विरवली, तर सुमारे ६५ किलोजूल ऊर्जा परत मिळते. एक पेलाभर पाणी जवळजवळ उकळीला यावे, एवढी ही उष्णता आहे. मग बाकीचे ११३ किलोजूल गेले कोठे? तेही वाया गेलेले नाहीत. विरलेला चुना भिंतीला लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. त्या वेळी उरलेली ११३ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. पण हे काम इतके सावकाश चालते, की भिंतीला हात लावून आपल्याला काहीच कळत नाही. ६५ आणि ११३ मिळवा. बेरीज बरोबर १७८ येते!

भट्टीने जेवढे दिले, तेवढेच परत आले. एक जूल कमी नाही, एक जूल जास्त नाही. ऊर्जा कोणी निर्माण करू शकत नाही आणि कोणी नष्ट करू शकत नाही. ती फक्त आपले रूप बदलते. निसर्गाइतका चोख हिशेबनीस दुसरा नाही.

आता जस्ताकडे येऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करता येतो. एका काचेच्या पात्रात मोरचुदाचे निळे द्रावण घ्यायचे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. उर्दूत त्याला नीला थोथा म्हणतात. तो विषारी असतो, म्हणून त्याला हाताने शिवायचे नाही. या द्रावणात जस्ताची पूड टाकून ढवळायची. थोड्या वेळात द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. तळाशी तांबूस गाळ जमतो. तो गाळ म्हणजे शुद्ध तांबे! आणि तापमापी बुडवून पाहिली, तर द्रावण तापलेले आढळते. म्हणजे हीसुद्धा उष्मादायी अभिक्रियाच झाली.

या पात्रात नेमके काय घडले? प्रत्येक अणूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिशय सूक्ष्म कण असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतप्रभार असतो. काही धातू आपले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतात, तर काही ते घट्ट धरून ठेवतात. जस्त हा देणारा धातू आहे. तांबे त्या मानाने घेणारे आहे. जस्ताच्या प्रत्येक अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन दिले आणि तो द्रावणात विरघळला. द्रावणातल्या तांब्याच्या कणांनी ते इलेक्ट्रॉन घेतले आणि ते तांब्याच्या रूपात तळाशी बसले. ही देवघेव अगदी हातोहात झाली. देणारा आणि घेणारा शेजारी शेजारीच होते. म्हणून या देवघेवीत मोकळी झालेली सगळी ऊर्जा उष्णता बनून पाण्यात मिसळली.

आता विचार करा. देणारा आणि घेणारा यांना एकमेकांपासून दूर ठेवले, आणि इलेक्ट्रॉनांना एका तारेतूनच जायला लावले, तर?

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की तुम्ही ऐकली असेल. कदाचित पाहिलीही असेल. दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून तेथे आणले होते. ते पाणी उंचावरून नुसते खाली पडले असते, तर केवळ आवाज झाला असता. पण त्याच पाण्याच्या वाटेत चाक ठेवले आणि चाकाला जाते जोडले. मग त्याच पडणाऱ्या पाण्याने धान्य दळले जाऊ लागले. पाणी तेच, त्याचे पडणेही तेच. फक्त त्याला वाट आखून दिली, आणि त्या वाटेवर काम ठेवले.

विद्युतघटात, म्हणजे सेलमध्ये, नेमके हेच केलेले असते. इलेक्ट्रॉनांना तारेची वाट आखून दिलेली असते. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच विजेचा प्रवाह. त्या वाटेवर दिवा ठेवा, तो पेटेल. घंटी ठेवा, ती वाजेल.

आज हे सारे आपल्याला सोपे वाटते. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉन हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. त्या काळात हे कोडे उलगडायला सुरुवात झाली, ती एका मेलेल्या बेडकापासून.

इटली देशातील बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी नावाचे प्राध्यापक होते. ते शरीरशास्त्र शिकवीत. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांची टोके बेडकाच्या कापलेल्या पायाला लावली, की तो पाय जिवंत असल्यासारखा झटका घेतो, असे त्यांना दिसले. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे त्यांनी अनुमान काढले. १७९१ साली त्यांनी आपले हे प्रयोग प्रसिद्ध केले.

त्याच देशात पाविया येथे अलेस्सांद्रो व्होल्टा हे प्राध्यापक होते. त्यांना प्रथम गॅल्व्हानींचे म्हणणे पटले. पण स्वतः प्रयोग करू लागल्यावर शंका येऊ लागली. झटका येण्यासाठी धातू दोन वेगवेगळे का लागतात? वीज बेडकात असेल, तर धातूंची काय गरज? कदाचित वीज धातूंमुळे निर्माण होते आणि बेडकाचा पाय ती फक्त दाखवतो!

मग व्होल्टांनी बेडूक बाजूलाच ठेवला. त्यांनी चांदी आणि जस्त यांच्या चकत्या घेतल्या. दोन्हींच्या जोडीवर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, त्यावर पुन्हा जोडी, पुन्हा तुकडा, अशी चळत रचली. चळतीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना ओले हात लावताच झटका बसला. बेडकावाचून वीज मिळाली होती, आणि ती एका क्षणात न संपता सतत वाहत होती. २० मार्च १८०० रोजी व्होल्टांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून हा शोध कळवला. जगातला पहिला विद्युतघट तो हाच. विजेचा दाब मोजण्याचे एकक 'व्होल्ट' हे त्यांच्याच नावावरून पडले.

गॅल्व्हानींना मात्र हा शोध पाहायला मिळाला नाही. नेपोलियनच्या सैन्याने इटलीत नवे राज्य स्थापन केले होते. त्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांची जागा गेली. १७९८ सालीच त्यांचे निधन झाले. पण त्यांचे नाव तुमच्या घराच्या छपरावर आजही असेल. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याला आपण गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणतो ना? ते नाव गॅल्व्हानींचेच.

तर मग दोघांपैकी बरोबर कोण? गंमत अशी, की दोघेही थोडे बरोबर होते आणि दोघेही थोडे चुकले होते. प्राण्यांच्या मज्जातंतूंतून विजेचे संदेश खरोखरच जातात, हे पुढे सिद्ध झाले. पण त्या प्रयोगातली वीज बेडकाची नव्हती, हे व्होल्टांचे म्हणणे खरे ठरले. व्होल्टांना मात्र वाटत होते, की दोन धातू एकमेकांना नुसते टेकले की वीज मिळते. तसे असते, तर त्यांची चळत कधीच थांबली नसती. ती थांबत असे. आणि थांबलेली चळत सोडवली, की जस्ताच्या चकत्या खाल्ल्या गेलेल्या दिसत. आमच्या चाचांनी सेलमध्ये जे पाहिले, तेच तेथेही दिसत होते!

हा हिशेब स्पष्टपणे मांडला तो मायकेल फॅरडे यांनी. ते लंडनजवळच्या एका गरीब लोहाराचे पुत्र. शाळेचे शिक्षण अगदी थोडे. पुस्तके बांधण्याच्या दुकानात ते उमेदवारी करत आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत. १८१२ साली त्यांनी सात तांब्याची नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे घेऊन घरीच व्होल्टांसारखी चळत रचली. पुढे हेच फॅरडे थोर शास्त्रज्ञ झाले. जितकी वीज वाहते, तितक्याच प्रमाणात पदार्थ बदलतो, असा नियम त्यांनी १८३०नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिला. फुकटची वीज कोठेही मिळत नाही.

१८३६ साली लंडनचे जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी जस्त आणि मोरचूद यांचाच विद्युतघट तयार केला. आपण मघाशी पात्रात पाहिली, तीच ही अभिक्रिया. फरक एवढाच, की जस्त एका कप्प्यात आणि मोरचुदाचे द्रावण व तांबे दुसऱ्या कप्प्यात होते. मधल्या सच्छिद्र पडद्यातून प्रभारित कण हळूहळू ये-जा करू शकत. पण इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेनेच जावे लागे. या घटाचा दाब सुमारे १.१ व्होल्ट असतो. ६५ ग्रॅम जस्त मोरचुदाच्या द्रावणात नुसते टाकले, तर सुमारे २१८ किलोजूल उष्णता मिळते. तेच जस्त डॅनियलच्या घटात वापरले, तर जास्तीत जास्त सुमारे २१२ किलोजूल ऊर्जा विजेच्या रूपाने मिळू शकते. अभिक्रिया एकच. हातोहात होऊ दिली, तर उष्णता. तारेने होऊ दिली, तर वीज.

पण काचपात्रे आणि द्रावणे घेऊन अंधारात डॉक्टरांकडे कसे जाणार? त्यासाठी खिशात मावेल असा, न सांडणारा घट हवा होता. १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी त्या दिशेने मोठे पाऊल टाकले. त्यांनी इलेक्ट्रॉन देण्यासाठी जस्त घेतले आणि ते घेण्यासाठी मँगनीज डायऑक्साइड नावाची काळी भुकटी घेतली. आणि मधले द्रावण कसले होते, सांगा पाहू? नवसागराचे! चाचांचा नौशादर येथे पोचला तो असा. पुढे वीस वर्षांनी जर्मनीच्या कार्ल गास्नर यांनी पातळ द्रावणाच्या जागी नवसागराचा घट्ट लगदा वापरला आणि जस्ताचेच भांडे केले. हा झाला कोरडा विद्युतघट. आपल्या विजेरीतला साधा सेल याच घराण्यातला. आता अनेक सेलांत नवसागराऐवजी जस्ताचा क्लोराइड हा क्षार वापरतात. पण तत्त्व तेच आहे.

आता आमच्या त्या विजेरीचे कोडे सुटते का पाहू. बटण दाबले, की इलेक्ट्रॉनांची वाट जोडली जाते. जस्ताच्या भांड्यातून निघालेले इलेक्ट्रॉन दिव्यातून जातात, सेलच्या डोक्यावरच्या टोपीतून काळ्या कांडीत शिरतात आणि भुकटीपर्यंत पोचतात. ती कांडी कार्बनची असते. ती स्वतः बदलत नाही; ती फक्त वाट देते. जस्त झिजते आणि भुकटीही बदलत जाते. एका सेलचा दाब सुमारे दीड व्होल्ट असतो. सेलमधले एक ग्रॅम जस्त पूर्णपणे कामी आले, तर ०.३ अँपिअर प्रवाह घेणारा दिवा जास्तीत जास्त पावणेतीन तास चालू शकतो. त्यापुढे आणखी जस्त हवे.

पण आमची विजेरी तर फारशी वापरलीच नव्हती! तरी तिचे जस्त का खाल्ले गेले? कारण सेल नुसता पडून असला, तरी ओला लगदा जस्ताशी थोडी थोडी अभिक्रिया करतच राहतो. ही देवघेव तारेने न होता जागच्या जागी, हातोहात होते. म्हणून वीज मिळत नाही. किंचित उष्णता तेवढी निर्माण होते आणि हवेत विरून जाते. आमच्या फडताळात वर्षभर हेच चालले होते. उकाड्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून सेल थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत. विजेरी बरेच दिवस लागणार नसेल, तर सेल काढून ठेवावेत, आणि पावसाळा लागण्यापूर्वी ती एकदा लावून पाहावी.

तुम्ही विचाराल, की मोबाइलची बॅटरी संपली तर आपण ती पुन्हा भरतो. मग हा सेल का भरता येत नाही? काही अभिक्रिया बाहेरून वीज देऊन उलट दिशेने चांगल्या रीतीने चालवता येतात. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून असा घट बनवला. रिक्षाच्या, मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत आजही बहुधा तोच असतो. त्याचा प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्टचा असतो. असे सहा घट जोडून १२ व्होल्टची बॅटरी बनते. मोबाइलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली बाजारात आली. ती घडवण्याच्या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी भरतो, तेव्हा आपण तिच्यात वीज कोंबत नाही. विजेच्या साहाय्याने आतल्या पदार्थांना पुन्हा पूर्वस्थितीवर आणतो. चुनखडीला भट्टीत घालून पुन्हा चुनकळी करावी, तसेच हे. साध्या सेलमध्ये मात्र हे नीट होत नाही. तो भरायला गेलात, तर तो गळेल किंवा फुटेल.

एक सोपा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. एका रसाळ लिंबात जस्ताचा मुलामा असलेला एक खिळा आणि तांब्याच्या तारेचा तुकडा खुपसा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. अशी चार लिंबे घ्या. एका लिंबाच्या खिळ्याला दुसऱ्या लिंबाची तांब्याची तार, अशी साखळी जोडा. टोकांना छोटा लाल एलईडी दिवा लावा. तो मंद पेटेल. पेटला नाही, तर टोके अदलाबदल करून पाहा. प्रयोगानंतर ती लिंबे फेकून द्या; त्यांत जस्त उतरलेले असते, म्हणून ती खाऊ नका.

आता तुमचा मित्र म्हणेल, "अरे वा! लिंबात वीज असते!" तेव्हा त्याला गॅल्व्हानींच्या बेडकाची गोष्ट सांगा. लिंबाचा रस फक्त आतली वाट देतो आणि जस्त विरघळवायला मदत करतो. ऊर्जेचे मूळ लिंबाच्या गोडी-आंबटात नाही, खिळ्यावरच्या जस्तात आहे. कित्येक दिवसांनी खिळा काढून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

आणि जस्ताला ही ऊर्जा कोणी दिली? जस्त खाणीत धातूच्या रूपात सापडत नाही. ते खनिजात इतर मूलद्रव्यांशी बांधलेले असते. त्याला सोडवायला खूप ऊर्जा खर्च करावी लागते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे कित्येक शतकांपूर्वी कारागीर मातीच्या मुशी भट्टीत तापवून जस्त काढत. जळत्या लाकडाने आणि कोळशाने दिलेली ऊर्जा त्या जस्तात उतरे. आज कारखान्यांत बहुतेक जस्त विजेच्या साहाय्याने काढतात. म्हणजे विजेरीतला उजेड हा कोणत्या तरी दूरच्या भट्टीतून किंवा वीजकेंद्रातून आलेली ठेव असते. आपण बटण दाबतो, तेव्हा ती ठेव थोडी थोडी परत मिळते.

म्हणून ठेव नीट वापरावी आणि तिचा कचराही नीट सांभाळावा. संपलेले सेल कधीही चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, ते फुटतात. ते फोडून पाहू नका. चाचांचे हात कसबी होते, तरी त्यांनीही नंतर साबणाने स्वच्छ धुतले होते. शिशाच्या बॅटरीतले आम्ल अंग भाजते आणि शिसे विषारी असते; तिला मुलांनी हात लावू नये. वापरलेले सेल आणि बॅटऱ्या ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या गोळा करणाऱ्यांकडे द्याव्यात.

त्या सकाळी मी घरी परतलो, तेव्हा दादी उशीला टेकून चहा पीत होती. मी तिला म्हणालो, "दादी, वीज चोरीला गेली नव्हती. जस्त झिजलं होतं." तिला त्यातले किती कळले कोण जाणे! ती अब्बांच्या गुडघ्यावरच्या पट्टीकडे पाहत म्हणाली, "मग बाबा, जस्त झिजायच्या आधी नवं आणत जा."

तेव्हापासून दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी मी विजेरी लावून पाहतो.